तिची गाडी आणि माझा डावा पाय

मंगळवारी सकाळी साडेसहा वाजता माझी पत्नी वारली. तिची गाडी दारात उभी होती. गुरुवारी तिला हिर्डोशीला जायचं होतं.

हिर्डोशीला तिची आई राहते. भोरहून वरंध घाटाकडे जाताना धरणाचं पाणी मागे पडत जातं आणि डोंगराच्या अंगाला ते गाव लागतं. सासूबाईंना मधुमेह आहे, आणि उजव्या टाचेला दीड वर्षापासून जखम आहे. दर सोमवारी आणि गुरुवारी तिचं ड्रेसिंग करावं लागतं. ड्रेसिंग चुकत गेलं आणि जखम आत उतरली तर पाय वाचवणं अवघड होईल, असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. एसटी येते, पण मोजकीच, आणि तिच्या पायऱ्या सासूबाईंना चढता येत नाहीत. म्हणून आठवड्यातून दोनदा माझी पत्नी सकाळी सातला भोरहून निघायची, आईला घेऊन भोरच्या दवाखान्यात यायची आणि दुपारपर्यंत तिला घरी सोडून परतायची. मी त्या वेळात घरी वाचत बसलेला असायचो. बरोबर येऊ का, असं मी विचारत असे. ती नको म्हणायची आणि मला ते बरं वाटायचं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

मी भोरच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. ती वेल्ह्याकडच्या, गुंजवण्याजवळच्या शाळेत शिक्षिका होती. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तिचा डावा गुडघा दुखायला लागला आणि क्लच दाबणं शक्य नाही असं ठरल्यावर तिनं ऑटोमॅटिक गाडी घेतली. पन्नाशीनंतर गाडी शिकली, ती याच गाडीवर. मला तिच्या आधी तीस वर्षं गाडी येत होती. माझ्या जुन्या गाडीचा गिअर इतका कडक होता की तो टाकताना खांदा हलायचा, आणि मला त्याचा अभिमान होता.

तिची गाडी घरी आली त्या दिवशी पूजा होती. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर नारळ ठेवला, स्वस्तिक काढलं. घरातल्या पुरुषानं आधी बसावं असं कोणीतरी म्हणालं म्हणून मी बसलो. आरती झाली की लिंबांवरून गाडी न्यायची, असा रिवाज. मी तयारीत राहावं म्हणून इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबून दांडा ‘डी’ला टाकला आणि पाय काढून घेतला. आपल्या गाड्या पाय काढला की उभ्या राहतात किंवा बंद पडतात. ही निघाली. फट्, फट् करत दोन लिंबं फुटली. समोर माझ्या मेव्हण्याची बायको ताट ओवाळत होती. ती ओवाळतच मागे सरकत गेली आणि तुळशीच्या कट्ट्याला टेकली. मी घाबरून सवयीनं डावा पाय क्लचवर मारला. क्लच नव्हताच. तो पाय ब्रेकवर पडला, गाडी जागच्या जागी थडकली आणि नारळ बॉनेटवरून उडून ओवाळणारीच्या पायाशी पडला.

पत्नीनं काचेवर बोटानं टकटक केलं. “अहो, उतरा.”

त्यानंतर त्या गाडीच्या चालकाच्या जागेवर मी बसलो नाही. ती खेळण्यातली गाडी आहे असं मात्र मी बरीच वर्षं म्हणत राहिलो. निवृत्त झाल्यावर दोन गाड्या कशाला म्हणून माझी गाडी विकली. तेव्हाही माझं बोलणं थांबलं नव्हतं.

तेराव्याचं जेवण झाल्यावर हिर्डोशीच्या घरात आम्ही बसलो होतो. मेव्हणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, पुण्याला राहतो. ते दोन आठवडे त्यानं रजा काढून आईची ने-आण केली होती. तो म्हणाला, “दाजी, आता आईला तिकडंच घेऊन जातो. घराजवळ दवाखाना आहे. इथं कोण नेणार?”

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मागल्या टायमाला पंधरा दिस ऱ्हायले. त्या लिफ्टात माझा जीव घाबरतो. खाली उतरायचं तर कुनालातरी हाक मारा. आनि माझ्या कोंबड्या?”

“आई, कोंबड्यांसाठी पाय घालवायचा का?”

“पाय माझा हाय. मला ठावं हाय त्यो कुठं बरा हुईल.”

मी म्हणालो, “मी नेईन. सोमवारी आणि गुरुवारी.”

मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. “कशानं?”

“गाडीनं.”

“दाजी, ती गाडी? लिंबांचा किस्सा मी ऐकलाय. ऐकला कसला, माझ्या बायकोच्या अंगावरच आली होती.”

कोणी हसलं नाही. तो वाईट बोलत नव्हता, हे मला कळत होतं. आईचा पाय हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. शेवटी तो म्हणाला, “एक महिना बघू. एक जरी ड्रेसिंग चुकलं किंवा काही कमीजास्त झालं, तर मी येऊन आईला घेऊन जाईन. मग कोणी काही बोलायचं नाही.”

सासूबाईंनी मान हलवली. मीही हलवली. दुसऱ्याच दिवशी सोमवार होता.

सकाळी सहाला मी तिच्या जागेवर बसून किल्ली फिरवली. टक् असा आवाज आला आणि समोरचे दिवे मंद होऊन विझले. आल्यागेल्यांच्या धांदलीत कोणीतरी डिकी नीट लावली नव्हती. आतला दिवा जळत राहून बॅटरी पार उतरली होती.

आमच्या आळीत गाडी बंद पडली की कोणाला बोलवावं लागत नाही. शेजारी चाचा राहतात. एसटीतून निवृत्त झालेले चालक आहेत. आवाज ऐकून ते बाह्या वर करतच आले. त्यांच्यामागे दूधवाला, समोरचे वकील आणि आणखी दोघे आले.

“सर, तुम्ही फक्त बसा,” चाचा म्हणाले. “सेकंडला टाका. आम्ही ढकलतो. मी हां म्हटलं की क्लच सोडा.”

“चाचा, यात क्लच नाही.”

“असं कसं नाही? नीट बघा, पायाशी असंल.”

“खरंच नाही. दोनच आहेत.”

चाचांनी खिडकीतून डोकं आत घालून पाहिलं. “च्यायला, अर्धी गाडी दिली का हो तुम्हाला?”

दूधवाला मोठ्यानं हसला आणि लगेच गप्प झाला. सगळे गप्प झाले. दोन आठवड्यांत आमच्या दारासमोर कोणी हसलं नव्हतं. मी म्हणालो, “हसा. मग ढकला.”

पाच जणांनी जोर लावला. गाडी तसूभर हलली नाही. पुन्हा जोर लावला. मागचा पत्रा करकरला, वकिलांची चप्पल तुटली, गाडी जागच्या जागी.

“ब्रेक धरलेत,” चाचांनी निदान केलं. “हँडब्रेक ओढलाय का बघा.”

ओढलेला होता. ती नेहमीच ओढायची.

“मग चिकटणारच. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर हँडब्रेक ओढायचा नसतो. गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला दगड लावायचा. आता बाईंना हे कोण सांगणार!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. घाटातल्या गावांत गाडी चालवणारा प्रत्येक जण हे मानतो. चढावर उभी केली तर पहिल्या गिअरमध्ये, उतारावर उभी केली तर रिव्हर्समध्ये, आणि मागे दगड. आज मला माहीत आहे की त्या गाडीचा दांडा ‘पी’वर होता आणि त्यानं चाकं बांधून ठेवली होती. आणखी दहा माणसं आली असती तरी ती हलली नसती, आणि हलली असती तरी ढकलून सुरू झाली नसती. पण त्या सकाळी तिथं जमलेल्या सगळ्यांचा मिळून शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव होता आणि तो सगळा एकाच दिशेनं चुकला. गॅरेजवाल्याला फोन केला तर तो एवढंच म्हणाला, “ढकलू नका. मी दुपारी येऊन वायरी लावतो.”

दुपारपर्यंत दवाखाना बंद होतो. चाचांनी मुलाचा टेम्पो काढला, सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवून नेलं-आणलं. सोमवार निभावला. परत आल्यावर ते म्हणाले, “सर, गुरुवारी मुलाला भाडं आहे. टेम्पो मिळायचा नाही.”

मी म्हणालो, “लागणार नाही. उद्या सकाळी माझ्याबरोबर चला.”

भाटघरच्या रस्त्याला मोकळं मैदान आहे. मंगळवारी आणि बुधवारी आम्ही दोघं तिथं गेलो. चाचांनी आयुष्यात ऑटोमॅटिक चालवली नव्हती, तरी शिकवायची त्यांची तयारी होती. गाडी चालवण्यात काही अडचण नव्हती. थांबवण्यात होती. उजवा पाय ब्रेककडे गेला की डावा आपोआप उचलला जायचा, तीस वर्षं गेला होता तसा, आणि क्लचच्या जागी काही न मिळाल्यानं मधल्या रुंद ब्रेकवर येऊन आदळायचा. पहिल्या वेळी चाचांची टोपी समोरच्या काचेला जाऊन लागली.

“हे काय केलंत?”

“मी नाही केलं. पायानं केलं.”

“सरका, मी दाखवतो.”

ते बसले. एसटीचा क्लच दाबून त्यांचा डावा पाय खलबत्त्यासारखा झालेला. पन्नास पावलं गाडी झोकात गेली, मग त्यांनी थांबवली. म्हशी राखणारी बाई लांबून ओरडली, “काय धडाकलं वं?” चाचा काही वेळ स्टिअरिंगला छाती टेकून तसेच राहिले. मग खांद्यावरचा पंचा काढून माझ्या हातात दिला. “हा पाय बांधून टाका, सर. सीटच्या दांड्याला. माझा सल्ला एवढाच.”

मी पाय बांधला नाही. डावी चप्पल काढून ठेवली आणि तो पाय मागे, सीटला टेकवून ठेवला. अनवाणी पाय मागे आहे ही जाणीव राहायची. बुधवारी मी साठ वेळा गाडी चालवून थांबवली. चाचा झाडाखाली बसून मोजत होते. पहिल्या वीस वेळांत सात चुका झाल्या, शेवटच्या वीसमध्ये एक. ती एकही मला पसंत नव्हती, म्हणून आणखी वीस वेळा केलं.

गुरुवारी मी एकटा निघालो. पाऊस भुरभुरत होता. रस्ता ओळखीचा, वळणं ओळखीची. मी सगळा रस्ता तीसच्या वेगानं गेलो. मागचे हॉर्न वाजवत पुढे गेले आणि काहींनी मान वळवून आत कोण म्हातारा आहे तेही पाहिलं. माझा डावा पाय जागचा हलला नाही. हिर्डोशी आलं तेव्हा मी घामानं भिजलो होतो आणि मला बरं वाटत होतं.

सासूबाईंचं घर चढावर आहे. पायवाटेएवढा रस्ता घरापर्यंत वर जातो आणि खाली भावकीतल्यांची भातखाचरं आहेत. मी गाडी दारापर्यंत वर नेली. आता ती उभी कशी ठेवायची, याचा मी नीट विचार केला. हे महत्त्वाचं आहे, कारण मी विसरलो नव्हतो, घाईत नव्हतो. ‘पी’ म्हणजे पार्किंग हे मला माहीत होतं, पण ते सपाटीवरचं, असं मी समजत होतो. त्यानं गाडी कशी धरली जाते ते मला कळत नव्हतं. गिअर गाडी धरतो हे मात्र तीस वर्षं माहीत होतं. दांड्याच्या सगळ्यात खाली ‘एल’ होता. तो पहिला गिअर, असं मी धरलं. दांडा ‘एल’वर ठेवला आणि इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला नाही, कारण पावसाळा होता आणि चाचांचं निदान डोक्यात होतं. ब्रेकवर पाय ठेवूनच किल्ली ओढली. निघेना. कुलूप गंजलं असेल म्हणून ती तशीच राहू दिली. पाय काढला. गाडी इंचभर मागे आली आणि एका खळग्यात टेकून थांबली. मला वाटलं, गिअरनं धरली. उतरून एक दगड मागच्या चाकाला लावला. तो दगड लहान होता आणि जमीन ओली होती.

मी आत जाऊन सासूबाईंना हात दिला. एका हातात काठी आणि एका हातात माझा हात धरून त्या उंबऱ्याबाहेर आल्या. मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. त्या समोर बघत होत्या.

“पावणं,” त्या म्हणाल्या, “तुमची गाडी निघाली.”

“कुठं?”

“खाली.”

दगड चिखलात रुतला होता आणि चाक त्याच्यावरून गेलं होतं. गाडी मागच्या बाजूनं अगदी सावकाश, कोणीतरी बसून चालवत असल्यासारखी उतारावरून जात होती. मी धावलो. दहा पावलांत तिला गाठणं शक्य नाही हे कळलं, तरी धावलो. बांधावरून तिची मागची चाकं खाली गेली, पुढची वर उचलली गेली आणि ती खाचरात बसली. चिखल दरवाजापर्यंत आला.

खाचर सासूबाईंच्या चुलतपुतण्याचं. त्याची बायको पलीकडच्या तुकड्यात वाकून लावणी करत होती. ती रोपांची मूठ हातात धरूनच उभी राहिली.

“अवं दाजी! ह्या तुकड्याची लावनी कालच झालीया! गाडी धुवायला दुसरी जागा न्हाई घावली व्हय?”

माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. पाच मिनिटांनी सासूबाई त्या गाडीत बसलेल्या असत्या, आणि काठी विसरली म्हणून मी आत गेलो असतो तर.

पुतण्यानं ट्रॅक्टर आणला. गाव जमलं. दोर बांधताना प्रत्येकानं मला न्यूट्रलला टाकायला सांगितलं. पुतण्या पूर्वी पुण्यात एका साहेबाची अशीच गाडी चालवायचा. दोर बांधण्याआधीच त्यानं आत डोकावून दांडा पाहिला होता. गाडी वर काढल्यावर तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “दाजी, पीला टाकायची असती. हिच्यात इंजान बंद झालं की बाकीच्या गिअराचं काय बी चालत न्हाई. पीला टाकल्याबिगर किल्ली बी निघत न्हाई. किल्ली अडकली तवाच गाडी सांगत व्हती तुमाला.”

मागचा बंपर एका बाजूनं फुटला होता. गाडी सुरू झाली. मी सासूबाईंना म्हणालो, “आई, मी गावातून जीप मिळते का बघतो. या गाडीत तुम्हाला नेणार नाही.”

“का?”

“बघितलंत ना तुम्ही.”

“बघितलं की. आज जीप बघाल. सोमवारी काय? मंग पोरगा येतोय मला न्यायला, दुसरं काय.” त्या काठीवर भार देऊन उभ्या होत्या. मग त्यांनी काठीचं टोक गोठ्याकडे केलं. “ती भित बघा.”

मी पाहिली. गोठ्याच्या दगडी भिंतीचा कोपरा नंतर बांधलेला दिसत होता. दगड वेगळे, मध्ये सिमेंट. गेली कित्येक वर्षं मी तो पाहत होतो.

“तिनं पाडली. पयल्या खेपंला. थांबायचं सोडून गाडी पुढं दामटली आनि भितीत घातली. लई रडली. मला म्हनाली, आई, त्यांना सांगू नगं. ते हसत्यात.”

मी भिंतीकडेच बघत राहिलो. मी काय काय बोललो होतो ते आठवायला मला श्रम पडले नाहीत. खेळण्यातली गाडी. एका पायाची गाडी. बायकांनी चालवावी म्हणून सोपी केलेली गाडी. चार माणसांत बोललो होतो आणि ती चहा देत असताना बोललो होतो. भिंतीची सोय लावून, गाडीवरचा ओरखडा भोरला परस्पर बुजवून, ती त्या दिवशी घरी आली असेल आणि मी विचारलं असेल, काय, पोहोचली का तुझी गाडी?

“मग काय केलं तिनं?” मी विचारलं.

“काय करनार? दुसऱ्या खेपंला हळू आनली.” त्या गाडीच्या दिशेनं चालायला लागल्या. “चला. एकला बंद हुतो दवाखाना.”

मी चिखलाचे पाय तसेच घेऊन बसलो. ब्रेक, मग किल्ली, मग दांडा. पुतण्या बांधावरून माझ्याकडे बघत होता. आम्ही साडेबाराला दवाखान्यात पोहोचलो. सिस्टरनं माझ्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. ड्रेसिंग झालं. परत हिर्डोशीला आलो. या वेळी गाडी ‘पी’ला टाकली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली काढली. किल्ली अलगद निघाली.

नंतर मी खाचरात उतरलो. पुतण्याच्या बायकोनं मला रोपांची मूठ दिली. “तीन-तीन काडी. अंतर ठेवा. पुस्तकाच्या कपाटात लावल्यागत चिटकून नगा लावू.” गाडीनं मोडलेल्या ओळी आम्ही पुन्हा लावल्या. मला वेळ लागला आणि माझ्या ओळी वाकड्या आल्या. तिनं त्यातल्या दोन उपटून परत लावल्या. संध्याकाळपर्यंत ते पूर्ण झालं.

बांधावर बसून मी मेव्हण्याला फोन केला. गावातून त्याला कळणारच होतं, पण माझ्याकडून आधी कळावं असं मला वाटत होतं. मी सगळं सांगितलं. ‘एल’, दगड, किल्ली, खाचर. आई आत नव्हती, पण असू शकली असती, हेही सांगितलं.

त्यानं आधी एवढंच विचारलं, “दाजी, ड्रेसिंग?”

“झालं. वेळेत.”

“पुढच्या गुरुवारी मी येतो. तुमच्या गाडीत बसतो. मग ठरवू.”

त्याच संध्याकाळी मी गाडीच्या पुढच्या कप्प्यातलं पुस्तक काढलं. आयुष्यभर मी पुस्तकं सांभाळली, लोकांना ती वाचायला लावली, आणि घरातलं हे एक पुस्तक कधी उघडलं नव्हतं. मला आशा होती की तिनं त्यात काही लिहिलं असेल, एखादी खूण, पेन्सिलची रेघ. काही नव्हतं. टायरमधल्या हवेच्या पानाचा फक्त कोपरा दुमडलेला होता. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि उभी करण्याचं पान वहीत उतरवून काढलं. उताराविषयीचा भाग दोनदा उतरवला. सोमवारपर्यंत रोज सकाळी मी मैदानाऐवजी आमच्या आळीच्या चढावर जाऊन गाडी उभी करत होतो, उतरत होतो आणि पाच मिनिटं तिच्याकडे बघत उभा राहत होतो. वकील एकदा फिरायला जाताना म्हणाले, “सर, कशाची वाट बघताय?” मी म्हणालो, “ती निघते का याची.” ती निघाली नाही.

सोमवार झाला. गुरुवारी मेव्हणा पुण्याहून पहिल्या एसटीनं भोरला आला आणि माझ्या शेजारी बसला. त्याची स्वतःची गाडी क्लचची आहे. प्रत्येक वळणाला, प्रत्येक समोरच्या ट्रकला त्याचा डावा पाय पुढची मॅट दाबत होता. माझ्या लक्षात आलं, त्याच्या आलं नसावं. हिर्डोशीच्या चढावर मी गाडी उभी केली तेव्हा तो आधी उतरला, मागे जाऊन चाकाशी उकिडवा बसला आणि बघत राहिला. मी आईला आणायला आत गेलो तरी तो तिथंच होता.

येताना सासूबाई मागे बसल्या होत्या. पोरगा पुढे बसलेला बघून त्यांना जोर आला होता.

“बघितलीस का गाडी?”

“बघितली.”

“पडली न्हाई ना?”

“आई, गप बस. त्यांना चालवू दे.”

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम उघडून त्याला दाखवली. कडा आत येत होत्या. खाली लाल, चांगलं मांस दिसत होतं. नेत जा असंच, ते म्हणाले. मेव्हण्यानं फोनमध्ये फोटो काढला. आईला परत सोडून आम्ही भोरच्या एसटी स्टँडवर आलो, तेव्हा तो दार उघडून अर्धा बाहेर पाय टाकून थांबला. पुण्याचं काही बोलेल म्हणून मी वाट बघत होतो.

“ताईनं भिंत पाडली होती, मला माहीत होतं,” तो म्हणाला. “गवंडी मीच पाठवला होता.”

“मला माहीत नव्हतं.”

“हो. तुम्हाला सांगायचं नव्हतं.” त्यानं पिशवी खांद्याला लावली. “सोमवारी किती वाजता निघता?”

“सातला.”

“पोहोचलात की मेसेज करा. दर वेळी.”

महिना कधी संपला ते आम्ही कोणी मोजलं नाही.

आता सोमवारी आणि गुरुवारी मी सातला निघतो. मेसेज करतो, तो अंगठा पाठवतो. टाचेची जखम बोटाच्या पेराएवढी राहिली आहे. सासूबाई त्यांच्याच घरात आहेत. गाडी अजून माझ्या पत्नीच्या नावावर आहे. ती माझ्या नावावर करून घ्यायचे कागद मी आणले आहेत. ते टेबलावर आहेत.